करडा रंग पाहिजे

पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला,
ऑटोवर ठेवा, आपोआप होतं सगळं.
त्याने फोन ठेवला
आणि मशीनने तुरीची चांगली डाळ
फट् फट् हवा मारून
रिजेक्टच्या पोत्यात उडवायला घेतली.

मी धरणगावचा. आयटीआय, वायरमन.
जळगावच्या एमआयडीसीत, मागच्या रस्त्याला,
पन्नाशेठच्या डाळमिलमध्ये चौथं वर्ष.
मला कळायला पावणेदोन दिवस लागले
की कॅमेऱ्याचं जगाबद्दल एक मत आहे:
सगळे रंग एकत्र कालवले
की करडाच उरतो.
एखादा रंग जास्त दिसला
तर त्याला ती दिव्याची चूक वाटते.

इथे तर घसरणीवरून दिवसभर पिवळंच पडतं.
तो पाहतो, आणि पिवळं काढत जातो
घरातल्या शहाण्या माणसासारखा,
कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं थोडं थोडं.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत पडद्यावर
डाळ नव्हतीच.
फटफटीत, निळसर काहीतरी पडत होतं.

बाराच्या सुमाराला पत्र्याच्या भोकातून
रुपयाएवढं ऊन आत येतं.
मे महिन्याचं, इथलं. सांगायला नको.
ते नेमकं चौकटीत पडलं की ऑटो एक्सपोजर
डोळा बारीक करतो,
एका रुपयापायी सगळी घसरण अंधारात.
रात्री उलटं. दिव्याची एक पट्टी जाते, गेन चढतो.
उजेड वाढत नाही त्याने,
वाढवून सांगितला जातो फक्त.
पडद्यावर मुंग्या येतात,
नसलेले खडे दिसतात,
आणि व्हॉल्व्ह रिकाम्या हवेवर
हवा मारत बसतात पहाटेपर्यंत.

तर ऑटो बंद. गेन शून्य.
भोकावर पोत्याचा तुकडा, वर वीट.
राहिला व्हाइट बॅलन्स, तो एकदाच
हाताने शिकवायचा.
पुस्तकात लिहिलंय: समोर करडा धरा,
कुठल्याही रंगाकडे न झुकलेला.

शोधून पाहा आमच्या मिलमध्ये.
भिंत पिवळी. पंखा पिवळा.
स्विचची बटणं, गणपतीचं कॅलेंडर, भाकरीचा डबा,
माझ्या भुवया.
अठरा वर्षांची चुरी बसलीय सगळ्यावर.
मशीनसोबत आलेली पाटी
हमालांनी तंबाखू मळायला नेली
ती तशीच गेली.

सुपडाबाई झाडत होत्या.
“काय दखी राहिना रे भाऊ?”
करडा रंग, म्हटलं.
त्यांनी झाडू भिंतीला टेकवला,
दाराला लावलेला तापीतला गोटा उचलला,
नळाखाली धरला, पदराने पुसला.
“हाऊ चालई का?”

ओला होता तोवर काळा दिसला.
वाळेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत थांबलो,
चहा येईल म्हणून पाहावं तसे.
मग निव्वळ करडा. ना निळा, ना तांबूस.
सुपडाबाई हसायला लागल्या, थांबेचनात.
“बावीस वरीस डायमाईन खडा निवडात मी,
नि आज तुन्हा मशीनले
मीच धोंडा दखाडू?”

मी तो भिंगासमोर धरला.
बटण दाबलं. तीन आकडे हलले, स्थिर झाले.
घसरण सुरू केली,
आणि पडद्यावर पिवळं आलं,
सुपात असतं ते पिवळं.

त्या पडद्याकडे पाहिल्याच नाहीत.
सरळ रिजेक्टच्या पोत्यात हात घातला,
मूठभर काढली, दारात नेऊन
तळहातावर पसरली,
अंगठ्याने सहा दाणे अलीकडे सारले.
“या चांगला शेत.”

मी थ्रेशोल्ड दोनने खाली घेतला.
त्यांनी पुन्हा मूठ काढली.
पुन्हा एकने.
तिसऱ्या मुठीला काही बोलल्या नाहीत,
झाडू उचलला.

गोटा आता मशीनच्या कप्प्यात असतो,
फडक्यात गुंडाळून, वर चिठ्ठी: हात लावू नये.
दार दिवसभर आपटतं.
पन्नाशेठ विचारतात, दाराला काही लावत का नाही रे?
लावतो म्हणतो.